शिवण शाबूत

दुपट्ट्याखाली बोटं. एक बोट धरलं म्हणजे एक, चार धरली म्हणजे चार, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते सौदा करणाऱ्या दोघांनाच ठाऊक. वर कापड, खाली दोन माणसांचा घाम.

*

आतून सडलेलं संत्रं बाहेरून दिसत नाही. देठाशी नाक न्यावं लागतं. आधी गोड वास येतो. मग गोडाच्या मागून मेलेल्या उंदरासारखं काहीतरी येतं.

*

"घरबसल्या शिवा! घरबसल्या कमवा! विलायती बनावटीचे हातशिलाई यंत्र, निम्म्या किमतीत. पन्नास रुपये आगाऊ मनीऑर्डरने, बाकी रक्कम माल आल्यावर. फसवणुकीची भीती नाही. सरकारी टपाल खाते आपल्या सेवेस."

*

सालीचं तेल नखांच्या कडेला चिरा पाडतं. ते भाजीत मीठ टाकताना कळतं.

*

टपाल कचेरीच्या खिडकीवर पत्र्याची पाटी: व्ही. पी. पार्सल पैसे भरल्याशिवाय उघडता येणार नाही. सही करण्यापूर्वी शिवण व लाख तपासून घ्यावी.

*

त्र्याऐंशी साली संत्र्याच्या मृग बहारावर कोळशी पडली. काळी माशी पानांना चिकटली, तिच्यामागून काजळी आली, आणि बागाच्या बागा वखारीतून काढल्यासारख्या काळ्या झाल्या. फळ बारकं, मळकं, हाताला चिकट. काटोलच्या संत्रा बाजारात बायकांचं काम एरवी निवडीचं असे. चांगलं पेटीत, डागी ढिगात, सडकं नालीत. त्या साली आधी फडक्यानं काजळी पुसायची आणि मग निवडायचं. काम दुप्पट झालं, रोजी तेवढीच राहिली. अडत्या खुर्चीवरून म्हणे, "मालच काळा आला, त्याले मी काय करू?" आणि कान कोरत बसे.

मनकर्णा सकाळी सातला ढिगाशी बसे. दहापर्यंत फडकं काळं होई, मग हात, मग नाकाखालची जागा, कारण तिथे हात सारखा जाई. सडकं फळ दाबलं गेलं की अंगठा थेट आत. आतलं मऊ, कोमट, जिवंत असल्यासारखं बोटाला लपेटून बाहेर येई. पहिल्या वर्षी ती नालीकाठी बसून ओकली होती. आता ओकत नसे. याचीच तिला जास्त किळस वाटे.

नवरा रुपराव नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. पंधरा दिवसांनी घरी येई. तिनं वाढलेली भाकर तो नाकाजवळ नेई आणि ताटात परत ठेवी.

"हात धुतले नाही काय वं?"

"तीनदा धुतले. राखेनं धुतले."

"वास येते."

मग तो भाकर खाई, पण तोंड फिरवून. निजतानाही तोंड फिरवूनच निजे.

जाहिरात तिला बाजारातच मिळाली. पेटीत तणसाखाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रात ती होती. अर्धा कागद रसानं पिवळा पडलेला, पण मशीनचं चित्र कोरडं राहिलं होतं. मनकर्णा चौथी पास होती. कागदाची घडी करून तिनं पोलक्यात ठेवली आणि दिवसभर तो आंबूस वास छातीशी वागवला. माहेरी मावशीकडे मशीन होतं. परकर, पोलकी, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या तिला शिवता येत. गावात शिंपी नव्हता. पन्नास रुपयांची मनीऑर्डर तिनं स्वतः लिहून पाठवली. राहिलेले दोनशे चाळीस पिठाच्या डब्यात होते. दोन हंगाम सडकं चिवडल्याचे.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी पार्सल आल्याची चिठ्ठी मिळाली.

"आलं काय वं तुह्यं मशीन?" ढिगाशी तिच्या बाजूला बसणाऱ्या गोपिकानं विचारलं. गोपिका अंगानं थोर, दिवसभर बोलणारी.

"डाकघरात येऊन पडलं आहे. सात दिवसांत सोडवा म्हणते."

"मंग आता तू काहून येशील आमच्यासंगं! खुर्चीवर बसशील, टिकटिक करशील."

"खुर्ची कुठची? हातमशीन आहे, खाली बसूनच चालवाचं."

"माह्यं पोलकं फुकट शिवजो हं."

"तुह्या पोलक्याले अख्खं थान लागन बाई. फुकटात मी बुडून जाईन."

गोपिकानं हातातलं सडकं फळ तिच्या मांडीवर फेकलं. ते फुटलं. दोघी हसल्या. लुगड्यावरचा डाग मनकर्णानं पुसलाही नाही. पुढच्या आठवड्यात ती इथं नसणार होती.

*

घरी सासरा ओट्यावर बसला होता. चंपतराव. काटोलच्या बाजारात तीस वर्षं दलाली केलेला माणूस. सगळे त्याला बोटवाला म्हणत. बैलाचा सौदा असो की बागेचा, बेपारी आणि मालक दोघेही आपला हात त्याच्या दुपट्ट्याखाली द्यायचे, आणि वरून चेहरा असा ठेवायचे की जसं काही चाललंच नाही. टोपलीवर दुपट्टा टाकून, खाली हात घालून, न पाहता तो सांगे, "नऊ सडके." टोपली उपडी केली की नऊच निघत. मग बाजारात उघडी बोली आली.

"आता भाव ओरडून करतात, कोंबड्यावानी," तो म्हणे. "तिथं माह्या बोटाईचं काय काम?" दलाली सोडून तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं हेच वाक्य होतं.

मनकर्णानं चहा उतरवला. पितळी गिलास असा तापला होता की ती पदरानं धरून घेऊन आली. चंपतरावानं तो उघड्या हातानं घेतला आणि मुठीत धरून बसला. शेजारचे याचंही कौतुक करत. दलालाचे हात आहेत म्हणत.

"उद्या मी येतो डाकघरात," तो म्हणाला.

"तुम्ही कशाले मामाजी? पैसे भराचे अन् आणाचं."

"माल न पाहता पैसे?"

"उघडू देत नाही. पाटी लावून ठेवली आहे त्याईनं."

"उघडाले कोन म्हणते? मी जन्मात उघडून पाह्यलं नाही. कापडावरून समजते मले."

मनकर्णाच्या ओठावर काहीतरी आलं. तिनं ते गिळलं आणि रिकामा गिलास उचलला. तो अजून गरम होता.

*

काटोलची टपाल कचेरी म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर. खिडकीशी डिंकाची वाटी, तिच्यात एक माशी मरून फुगलेली. लोक तिच्या बाजूनं बोट घालून तिकिटं चिकटवत. बाकावर पेन्शनीला आलेले चारपाच म्हातारे, खोकणारे, खाकरणारे, खाकरून झालं की पायानं पुसणारे.

पोस्टमास्तर मधुकररावानं चिठ्ठी पाहिली आणि आतल्या टेबलावर पार्सल आणून आपटलं. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, वरून सुतळी, टाक्याटाक्यावर लाखेचे लाल ठिपके. मनकर्णाला ते खिडकीच्या गजांतून दिसलं.

"शिवण पाहा, लाख पाहा," मधुकरराव म्हणाला. "मग पैसे, मग सही, मग पार्सल. हा क्रम आहे."

"मास्तर, एक टाका उसवून पाह्यला तर?"

"तर मी नोकरीतून उसवला जाईन, बाई."

बाकावरचे हसले. त्यांतल्या एकानं चंपतरावाला ओळखलं. "अहो, बोटवाला संगं आहे अन् उसवाच्या गोष्टी काय करता? मास्तर, जाऊ द्या त्याले आत. हात लावते, खात नाही."

"हात लावायला नियमात मनाई नाही," मधुकरराव म्हणाला आणि टेबलाची फळी उचलली.

चंपतराव आत गेला. कमरेतून वाकलेला माणूस फळी ओलांडताना सरळ झाला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पार्सलवर पसरला. त्याची काही गरज नव्हती, पार्सल कापडातच होतं. पण बाकावरचे म्हातारे उठून खिडकीशी आले. एकाचं कोपर मनकर्णाच्या तोंडाशी आलं, तिला तंबाखूचा आणि न धुतलेल्या काखेचा वास आला. चंपतरावानं उजवा हात दुपट्ट्याखाली सारला, डोळे मिटले.

"हं," तो म्हणाला.

कोणी खोकलं नाही.

"हे चाक. ही दांडी. हे सुईचं मुंडकं." दुपट्टा वरखाली झाला. "वजनदार आहे. लोखंड आहे, जस्त नाही."

"वा गा बोटवाल्या!" म्हातारा म्हणाला. "डोळे काढून घेतले तरी याचं चालते."

मनकर्णानं त्या कोपराखालून डोकं पुढं काढलं आणि गजांशी नाक नेलं. टेबल हातभर अंतरावर होतं. डिंकाचा वास आला, लाखेचा आला. मग ओल्या फडक्याचा. मग दवाखान्यात येतो तसा औषधाचा. आणि त्याच्या मागून तो, ओळखीचा.

"मामाजी," ती म्हणाली, "वास येते."

"तेलाचा," चंपतराव डोळे न उघडता म्हणाला.

"तेलाचा नाही. सडल्याचा."

"तू संत्र्यात राहते, तुले सगळ्याचाच येते," खिडकीशी कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मधुकररावही हसला, मग घड्याळाकडे पाहून गंभीर झाला.

"बाई, घ्यायचं नसेल तर सांगा. नकार म्हणून लिहितो, पार्सल आल्या वाटेनं परत जाईल. आगाऊ दिले ते गेले. हे तुमच्याजवळ राहतील. घ्यायचं असेल तर मोजा. पार्सलं अजून आहेत माझ्याकडे."

चंपतरावानं हात बाहेर काढला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. अंगठ्याच्या शेजारच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत होती, गुलाबी, चकचकीत, रेषा नसलेली. मनकर्णा त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्याजवळ एक वाक्य होतं. तेवढं बोललं असतं तर पार्सल परत गेलं असतं. आणि चंपतराव त्या म्हाताऱ्यांत पुन्हा कधी बसू शकला नसता. खिडकीशी पाच पुरुष होते, आणि ती सून होती.

"पाहून काय राहिली?" चंपतराव म्हणाला. "मी सांगतलं ना. दे."

तिनं नोटा दिल्या. मधुकररावानं अंगठा जिभेला लावला, दोन नोटा मोजल्या, आणि थांबला.

"कसला वास आहे या नोटांना?"

"संत्र्याचा," मनकर्णा म्हणाली.

बाकीच्या नोटा त्यानं थुंकी न लावता मोजल्या, टोकाटोकाला धरून. तिनं सही केली. मनकर्णा रुपराव. अक्षर चांगलं आलं.

*

पार्सल हातात आलं तेव्हाच तिला कळलं. हातमशीन उचलताना जड बाजूला हात ओढला जातो. हे सगळीकडून सारखंच लिबलिबत होतं, आणि मधे काहीतरी गडगडत होतं.

"घरी नेऊ," चंपतराव म्हणाला.

"नाही. इथंच," ती म्हणाली, आणि व्हरांड्यात खाली बसली.

म्हातारे भोवती उभे राहिले. मधुकररावानं खिडकीतून ब्लेडची पत्ती दिली. टाके चांगले होते, घट्ट, एकसारखे. कोणीतरी मन लावून घातलेले. एकेक टाका कापताना तिला वाटलं, ज्यानं हे शिवलं त्याच्याजवळ मशीन असेल.

कापड उघडलं. आत गोणपाट. गोणपाटात ओला भुसा. भुशात अर्धी वीट, दोन सुटे धोंडे, आणि वीट हलू नये म्हणून चारी बाजूंनी ठासलेल्या पट्ट्या. दवाखान्यातल्या. कोणाच्या तरी जखमेवरून सोडलेल्या. पिवळे डाग, तपकिरी डाग, एका पट्टीला वाळलेल्या कातडीचा पापुद्रा आणि तीन केस. उष्णतेनं सगळं आत शिजलं होतं. वास वर आला आणि म्हातारे एका पावलानं मागे सरले, मग दोन पावलांनी.

चाक नव्हतं. दांडी नव्हती. चाकासारखं, दांडीसारखंही काही नव्हतं.

मग चंपतरावाला आधी ओळखणारा तोच म्हातारा, धोतराचा सोगा नाकाला लावून, म्हणाला, "चंपतराव, यातलं सुईचं मुंडकं कोणतं गा?"

हसणं तोंडावर कापड धरलेल्या माणसांचं होतं, त्यामुळे ते खोकल्यासारखं ऐकू आलं.

"डाकघरात बदललं," चंपतराव म्हणाला. "मी हात लावला तवा मशीन होतं."

मधुकरराव व्हरांड्यात आला. तोही नाक धरून. "तुम्ही हात लावला तेव्हापासून माझ्या टेबलावरून हललं काय ते? शिवण पाहिली होती तुम्ही?"

"पाह्यली."

"शाबूत होती?"

"होती."

"लाख?"

"होती."

"मग टपाल खात्याचा संबंध संपला. आमचं काम शिवण शाबूत पोचवायचं. आत काय आहे ते पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं पाहावं." तो मनकर्णाकडे वळला. आवाज थोडा खाली आला. "बाई, नागपूरला अर्ज करता येतो. पण पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसता पेटी नंबर आहे. आणि हे सगळं उचला इथून. पेन्शनवाल्यांना त्रास होतो."

ती उठली नाही. पट्ट्या तिनं हातानंच गोळा केल्या. चिमटीत नव्हे, मुठीत, जशी सडकी फळं गोळा करत असे तशी. व्हरांड्याखालच्या नालीत टाकल्या. तिला ओकारी आली नाही. सगळे पाहत होते, आणि तिला ओकारी आली नाही. भुसा, धोंडे, वीट, एकेक टाकलं. मांजरपाट तेवढं झटकून, घडी करून काखेत घेतलं.

*

गाव दोन मैल. चंपतराव पुढं, ती मागं. डांबर पायाला चटके देत होतं. वाटेत कोळशी पडलेली बाग, काळी झाडं, खाली गळून पडलेला काळा खच आणि त्यावर माश्यांचा एकच सूर. मैलभर तो तसाच पुढं चालला. मग वळून न पाहता म्हणाला,

"पट्ट्या काहून फेकल्या? पुरावा होता."

"घरात ठेवल्या असत्या काय?"

त्यानं दुपट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"तुले वास आला होता ना?"

"आला होता."

"मंग तू अडली काहून नाही?"

"अडली होती, मामाजी."

"जोरानं नाही अडली."

मनकर्णा थांबली. तो चालत राहिला. त्याची पाठ, मानेवरच्या मळाच्या रेघा, दुपट्ट्याला लागलेला लाखेचा लाल कण, सगळं तिला एकदम फार जवळून दिसल्यासारखं झालं. तोंडात पाणी सुटलं, खारट. ती रस्त्याच्या कडेला वाकली. काही आलं नाही. नुसती लाळ लोंबली. ती पुसून ती पुन्हा चालू लागली.

*

दुसऱ्या दिवशी सातला ती ढिगाशी होती.

गोपिकानं एकदा तिच्याकडे पाहिलं. "पोलकं राहिलं म्हणजे माह्यं," ती म्हणाली, आणि आपलं कोरडं फडकं तिच्यापुढं सरकवून स्वतः जुनं घेतलं.

दुपारी चंपतराव बाजारात आला. लिंबाखाली जुने दलाल बसत, तिथं टेकला. मनकर्णाला शब्द ऐकू येत होते.

"अरे, मी हात लावला तवा अख्खं मशीन होतं. या बोटाईनं सांगतो. डाकवाल्याची हातचलाखी आहे सगळी. अन् आमची सून भोळी, पैसे देऊन मोकळी."

"बोटवाला चुकत नाही गा," एक जण म्हणाला. थट्टेनं की खरंच, ते कळलं नाही.

मनकर्णा उठली. सोबत आणलेलं मांजरपाट काखेत घेऊन, हात न धुता लिंबाखाली गेली. तिनं काखेतलं मांजरपाट काढून सासऱ्यापुढं धरलं. त्याच्या कडेला लाखेचे ठिपके तसेच होते.

"काय वं हे?"

"काल तुमचा दुपट्टा घाण झाला, मामाजी. हे घ्या. सौद्याच्या कामी येईल."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिनं डोळे खाली घातले नाहीत. त्याला समजलं असावं की तिला ठाऊक आहे, कारण त्यानं उजवा हात मांडीखाली सारला. मग डाव्या हातानं कापड घेतलं, चोळून पाहिलं, आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"कापड चांगलं आहे."

आणि ते खांद्यावर टाकलं.

मनकर्णा ढिगाशी परत आली. समोरचं फळ तिनं उचललं. वरून चांगलं होतं. देठाशी नाक नेलं, आणि नालीत टाकलं. पुढचं उचललं. अंगठा आत गेला.

*

पार्सल येण्याच्या आदल्या पोळ्याला चंपतरावानं चिलमीसाठी चुलीतला निखारा त्याच दोन बोटांनी उचलला होता आणि तो तसाच धरून तो शेजाऱ्याशी गप्पा मारत राहिला होता; कातडी जळाल्याचा वास आधी मनकर्णाला आला.